परसबागेतील हिवाळी पक्षी-वलयांकन

परसबागेतील हिवाळी पक्षी-वलयांकन म्हणजे हिवाळ्यात घराभोवतीच्या बागेत येणारे रानपक्षी काही क्षणांपुरते पकडून, पायात क्रमांक असलेले हलके धातूचे कडे घालून त्यांना मुक्त करणे आणि पुढे त्यांचे निरीक्षण करणे. ही पद्धत विशेषतः ब्रिटनमध्ये रुजली आहे. तेथे थंडीत कीटक दुर्मीळ होतात, दिवस लहान असतो आणि बागेत ठेवलेले दाणे, शेंगदाणे व चरबीचे गोळे यांच्याकडे पक्षी मोठ्या संख्येने येतात.

इतिहास

आधुनिक वलयांकनाचा आरंभ डेन्मार्कमधील विबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेनसेन यांनी १८९९ मध्ये केला. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत त्यांनी क्रमांक व पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. ब्रिटनमध्ये १९०९ मध्ये हॅरी विदर्बी यांनी अशी योजना सुरू केली. १९३२ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेकडे पुढे तिचे काम आले.

पद्धत

पक्षी पकडण्यासाठी सहज न दिसणारे बारीक धाग्याचे जाळे दोन खांबांमध्ये ताणतात. प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीच हे काम करू शकते. पक्षी सोडवून त्याची जात, वय, शक्य असल्यास लिंग, पंखाची लांबी आणि वजन नोंदवले जाते. मग त्याला सोडून देतात.

हिवाळ्यात या कामात विशेष दक्षता लागते. ब्लू टिटसारख्या पक्ष्याचे वजन सुमारे ११ ग्रॅम असते आणि दिवसा साठवलेली चरबी तो रात्रीच्या थंडीत खर्च करतो. खाण्याचा वेळ वाया गेल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जाळी वारंवार तपासतात, पावसात वा कडाक्याच्या थंडीत काम थांबवतात आणि अंधारापूर्वी पोट भरता येईल अशा बेताने पक्षी सोडतात. पक्ष्याचे हित नोंदीपेक्षा मोठे, हा या कामाचा मूळ नियम मानला जातो.

निष्कर्ष

नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला बागेत एका वेळी चार-पाच ब्लू टिट दिसतात आणि रोज तेच येतात असे वाटते. कड्यांवरून मात्र दिवसभरात त्याहून कितीतरी अधिक पक्षी आळीपाळीने येऊन जातात, हे स्पष्ट झाले.

डेव्हिड लॅक यांनी डेव्हनमधील डार्टिंग्टन येथे शिक्षक असताना रॉबिन पक्ष्यांना रंगीत कडी घालून प्रत्येक पक्षी स्वतंत्र ओळखला. हिवाळ्यात मादीसुद्धा स्वतःचे क्षेत्र राखते व गाते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा ‘द लाइफ ऑफ द रॉबिन’ हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात दिसणारे ब्लॅककॅप हे उन्हाळ्यातील पक्षीच मागे राहिलेले असावेत, असा समज होता. ते मुख्यतः मध्य युरोपातून आलेले असतात, हे वलयांकनाने सिद्ध केले.

निरीक्षण व गणना

कडी न घालताही उपयुक्त नोंदी करता येतात. १९७९ पासून आरएसपीबी ही संस्था जानेवारीच्या अखेरीस ‘बिग गार्डन बर्डवॉच’ घेते. निरीक्षक तासभर बाग पाहून प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी नोंदवतो; त्यामुळे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही.

खाद्य ठेवण्यात धोकाही आहे. एकाच जागी गर्दी झाल्याने रोग पसरतो. २००५ नंतर ट्रायकोमोनोसिस या रोगामुळे ब्रिटनमधील ग्रीनफिंचची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. म्हणून भांडी नियमित धुणे, पाणी रोज बदलणे आणि आजारी पक्षी दिसल्यास खाद्य काही काळ बंद ठेवणे आवश्यक ठरते.

भारतातील वलयांकन

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये वलयांकनाला आरंभ केला. कडे घातलेला धोबी पक्षी मुंबईतील एकाच हिरवळीवर लागोपाठ अनेक हिवाळे परतल्याचा उल्लेख सालिम अली यांनी केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे येथे परवानगीशिवाय रानपक्षी पकडता येत नाहीत. कडे असलेला मृत पक्षी आढळल्यास कड्यावरील पूर्ण मजकूर, तारीख व ठिकाण संबंधित संस्थेला कळवावे. जिवंत पक्ष्याच्या पायातील कडे काढू नये.