लिलियन गिश : पडद्यावरची पाऊणशे वर्षे

१९२० सालच्या हिवाळ्याच्या अखेरीस अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील एका नदीवर चित्रीकरण चालू होते. नदी गोठलेली होती. करवतींनी कापून आणि सुरुंगांनी फोडून बर्फाचे तराफ्याएवढे तुकडे मोकळे केले जात, आणि त्यांपैकी एकावर पातळ पोशाखातील एक नटी निपचित पडून राही. तिचे मोकळे केस आणि उजवा हात त्या हिमशीतल पाण्यात लोंबत असे. हात पाण्यात सोडण्याची कल्पना तिची स्वतःचीच होती. प्रसंग एका दिवसात उरकला नाही. पुन्हा पुन्हा तिला त्या बर्फावर झोपावे लागले, आणि पुढे कित्येक वर्षे थंडी पडली की तो हात दुखत असे. चित्रपटाचे नाव 'वे डाउन ईस्ट', दिग्दर्शक डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ, आणि ती नटी म्हणजे लिलियन गिश.

हिचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३ रोजी ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. वडील व्यसनी होते. त्यांनी संसार वाऱ्यावर सोडला. पोटासाठी आई रंगभूमीवर उभी राहिली, आणि लिलियन व तिची धाकटी बहीण डॉरथी याही अगदी लहानपणीच फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडू लागल्या. शाळा अशी तिला फारशी लाभलीच नाही. आगगाडीचे डबे, स्वस्तातल्या खाणावळी आणि रंगपटातील पेट्या यांच्या संगतीत तिचे बालपण सरले. कित्येकदा आई एका मंडळीत, तर मुली दुसऱ्या. वेळेवर हजर राहावे, आपले काम चोख करावे आणि तक्रार करू नये, ही त्या बिऱ्हाडी आयुष्याची शिकवण तिने अखेरपर्यंत सोडली नाही.

१९१२ साली या दोघी बहिणी न्यूयॉर्कमधील बायोग्राफ कंपनीत गेल्या, त्या तेथे काम करणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मेरी पिकफर्डला, भेटण्यासाठी. ग्रिफिथने त्यांना पाहिले आणि तालमीला उभे केले. दोघींत गोंधळ होऊ नये म्हणून त्याने त्यांच्या केसांत वेगवेगळ्या रंगांच्या फिती बांधायला लावल्या आणि भीतीचा अभिनय पाहण्यासाठी पिस्तूल झाडीत त्यांचा पाठलाग केला, अशी हकीकत लिलियनने पुढे सांगितली आहे. त्याच वर्षी 'ॲन अनसीन एनिमी' हा त्या दोघींचा पहिला चित्रपट निघाला.

रंगभूमीवरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे म्हणून हातवारे मोठे करतो. चित्रपटाचा कॅमेरा मात्र वीतभर अंतरावर येऊन उभा राहतो, आणि तेथे भुवईची हालचालही पुष्कळ होते. ही गोष्ट लिलियनने फार लवकर ओळखली. १९१९ सालच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स' या मूकपटात लंडनच्या लाइमहाउस वस्तीतील एका मुष्टियोद्ध्याच्या छळ सोसणाऱ्या मुलीचे काम तिच्याकडे होते. या मुलीला हसू ठाऊक नाही. बापाने हसायला फर्मावले की ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. डोळे तसेच भेदरलेले. पुढे बाप कुऱ्हाडीने दार फोडीत असताना कोंडलेल्या अंधाऱ्या कपाटात ती पिंजऱ्यातील जनावरासारखी गरगर फिरते. त्या पटाला आवाज नाही, तरीही तिची किंकाळी ऐकू आल्याचा भास होतो.

या वैभवाला एक काळी किनारही आहे, आणि ती झाकून हिचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९१५ सालच्या ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या प्रचंड गाजलेल्या चित्रपटाची नायिका लिलियनच होती. तंत्राच्या दृष्टीने त्या पटाने नवा मार्ग घालून दिला हे खरे. पण त्यात कृष्णवर्णीय माणसांचे चित्र अत्यंत विद्रूप रंगविले होते आणि कू क्लक्स क्लॅन या हिंसक गुप्त संघटनेला उद्धारकाचे रूप दिले होते. कृष्णवर्णीयांच्या संस्थेने ठिकठिकाणी त्याचा निषेध केला. मोडून गेलेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. लिलियनने मात्र आयुष्यभर ग्रिफिथची बाजू घेतली. ज्याने आपल्याला घडविले त्याच्याविषयीची ही निष्ठा समजण्यासारखी आहे. तथापि त्या चित्रपटाने ज्यांना जखमा केल्या, त्यांच्या बाजूने तिने तो कधी पाहिला असे दिसत नाही.

ग्रिफिथला सोडल्यावर तिने मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीशी करार केला. कथा आणि दिग्दर्शक यांच्या निवडीत तेथे तिच्या शब्दाला वजन होते. 'ला बोएम'मधील क्षयी नायिकेच्या मृत्यूसाठी ती काही दिवस पाण्यावाचून राहिली. प्रसंग संपला तेव्हा ती खरोखरच गेली की काय, या शंकेने दिग्दर्शक किंग व्हीडॉर घाबरला! १९२८ सालच्या 'द विंड'साठी ती मोहावीच्या वाळवंटात गेली. तेथे विमानांचे पंखे लावून तिच्या अंगावर वाळूची वादळे सोडण्यात आली. आज तो मूकपटांतील श्रेष्ठ कृतींत गणला जातो. पण तो पडद्यावर आला तेव्हा लोकांना बोलपटाचे वेड लागले होते, आणि तो कोसळला.

तिचा आवाज वाईट होता असे मुळीच नाही. बालपणापासून रंगभूमीवर वावरलेल्या नटीला बोलण्याचे भय कोठून असणार? बदलली होती ती नायिकेची कल्पना. छळ सोसणारी निष्पाप कुमारिका आता प्रेक्षकांना जुनी वाटू लागली होती. लिलियनने हॉलीवुडकडे पाठ फिरविली आणि १९३० साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर चेकॉव्हच्या 'अंकल व्हान्या'मध्ये उतरली. १९३६ साली जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ती ऑफेलिया झाली, तेव्हा तिचे वय ४३ होते. 'लाइफ विथ फादर' या नाटकाचे प्रयोग तर तिने शिकागोत वर्षाहून अधिक काळ केले.

पडद्यावर ती परतली ती प्रौढ भूमिकांत. त्यांतली सर्वांत संस्मरणीय १९५५ सालच्या 'द नाइट ऑफ द हंटर'मधली. नट चार्ल्स लॉटन याने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. धर्मोपदेशकाचे सोंग घेतलेला एक खुनी दोन अनाथ मुलांच्या मागावर आहे आणि एका वृद्धेने त्या मुलांना आसरा दिला आहे. रात्री तो अंगणाबाहेर बसून भक्तिगीत गाऊ लागतो. मांडीवर बंदूक घेऊन झुलत्या खुर्चीत बसलेली ती वृद्धा डोळ्याला डोळा न लावता त्याच गीतात आपला सूर मिसळते. एके काळची ती भेदरलेली मुलगी येथे दार राखून बसलेली आहे. त्या काळी हाही चित्रपट चालला नाही, हे दुर्दैव.

ती अविवाहित राहिली. आई आणि डॉरथी हेच तिचे कुटुंब होते. डॉरथी १९६८ साली निवर्तली. त्यानंतर लिलियनने आत्मचरित्र लिहिले, आणि मूकपटांतील निवडक दृश्ये बरोबर घेऊन ती व्याख्याने देत देशोदेशी फिरली. १९८७ साली आलेल्या 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'मध्ये बेटी डेव्हिससह तिने दोन वृद्ध बहिणींपैकी एकीची भूमिका केली. तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. २७ फेब्रुवारी १९९३ रोजी, शंभरीला काही महिने उरले असता, न्यूयॉर्क येथे तिचा अंत झाला.

मागे ठेवलेल्या धनातून कलावंतांसाठी दोघी बहिणींच्या नावाचे एक मोठे पारितोषिक १९९४ पासून दिले जाऊ लागले. २०१३ साली ते मिळाले कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली याला. विद्यार्थी असताना त्याने 'द बर्थ ऑफ अ नेशन'ला उत्तर म्हणून एक छोटा चित्रपट केला होता. पुढे २०१९ साली ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने त्याच चित्रपटाच्या कारणाने आपल्या नाट्यगृहावरील गिश भगिनींचे नाव काढून टाकले. अनेक नामवंत कलावंतांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध निवेदन दिले. विद्यापीठाने निर्णय फिरविला नाही.