परळची बाटली आणि वाळूतली अंडी

परळच्या हाफकिन संस्थेवरून तुम्ही किती वेळा गेला असाल! प्लेगची लस करण्याचं काम १८९९ साली तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आलं. त्या लशीची एक बाटली १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी उघडली गेली आणि टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका परळवर आला. हाफकिनसाहेबांना पद सोडावं लागलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. पण साहेब निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं.

लस टोचण्याआधी तिची शुद्धता कळायची कशी? धनुर्वाताच्या बाबतीत नव्हे, पण जिवाणूंच्या दुसऱ्या एका मोठ्या गटाच्या विषाबाबत उत्तर सापडलं ते समुद्रात. फ्रेडरिक बँग या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ साली दाखवलं, की अशा जिवाणूंमुळे हॉर्सशू क्रॅबचं निळं रक्त गोठतं. नावात खेकडा असला तरी याचं नातं विंचवाशी जवळचं! या रक्तावरच्या चाचणीला अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळाली आणि सशाला टोचून ताप येतो का ते पाहत बसण्याची गरज कमी झाली.

पण हे प्राणी उरलेत किती? अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागराकाठी त्यांची अंडी मोजतात. मादी १५-२० सेंटिमीटर खोल वाळूत एका खेपेला तीन-चार हजार अंडी घालते. लाटांनी आणि मागून आलेल्या माद्यांनी वाळू उकरली, की काही वर येतात. त्यांवर पोसून रेड नॉट पक्षी उत्तर ध्रुवाकडे उडतात. म्हणून वरच्या पाच सेंटिमीटर वाळूत नळी खुपसायची, वाळू चाळायची, चौरस मीटरला किती अंडी याचा हिशेब काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. नळी नेमकी गठ्ठ्यावर पडली तर हजारो, हातभर पलीकडे शून्य! त्यामुळे भरतीच्या रेषेपासून खाली ठिकठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. तरीही आकड्यांवरून वाद होतातच. मासेमारीच्या आमिषासाठी नव्वदच्या दशकात हे प्राणी लाखोंनी पकडले गेले. न्यू जर्सीनं २००८ साली त्यावर बंदी आणली.

गिरगाव-दादरच्या वाळूत मात्र ही अंडी शोधू नका. आपल्याकडे हा प्राणी ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अनिल चॅटर्जी यांनी तिथं त्याचा अभ्यास केला. २००९ साली त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून वाळूवर मरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?