इंग्रजी उतारा आणि आमचें वाचन

गेल्या उन्हाळ्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी वडुजास आम्हांला भेटावयास आली होती. परिचारिकेचें शिक्षण पुरें करून ती साताऱ्यास एका रुग्णालयांत काम करते व तिला विलायतेस जावयाचें आहे. तेथील नोंदणीसाठीं 'आयेल्ट्स' नांवाच्या इंग्रजीच्या परीक्षेंत वाचनाच्या भागास सातची श्रेणी लागते; तिला दोन वेळां साडेसहावर थांबावें लागलें होतें. सरावाचा एक उतारा ती बरोबर घेऊन आली होती. एका कोरड्या मुलुखांत वीस वर्षांत विहिरींची संख्या दुप्पट झाली, असें त्यांत एके ठिकाणीं म्हटलें होतें. भूगर्भांतील पाणी खोल गेलें, असें पुढें दुसऱ्या ठिकाणीं होतें. खालीं विधान होतें कीं, विहिरी वाढल्यामुळें पाणी खोल गेलें. विधान खरें, खोटें, कीं उताऱ्यांत त्याविषयीं माहितीच नाहीं, एवढें ठरवावयाचें. तिनें 'खरें' अशी खूण केली होती. उत्तरपत्रिकेप्रमाणें 'माहिती नाहीं' हें बरोबर होतें. लाजेची गोष्ट अशी कीं, तीस वर्षें इंग्रजी शिकविलेल्या आम्हींहि त्या विधानापुढें मनांतल्या मनांत 'खरें' असेंच लिहिलें होतें.

खटाव तालुक्यांतील मनुष्य दुसरें काय लिहिणार? येरळेचें पात्र कोरडें पडलेलें व विहिरींचे तळ उघडे झालेले आम्ही लहानपणापासून पाहत आलों. परंतु आमचें हें ज्ञानच येथें आड आलें. ही चूक एकट्या मुलीची नव्हे. इंग्रजी वाचन तपासण्याच्या आमच्या पद्धतींत तिचीं मुळें आहेत, असें वाटल्यावरून त्या पद्धतीचा मागोवा घ्यावा असें आम्हीं योजिलें.

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. त्या काळच्या इंग्रजीच्या परीक्षांतहि उतारा असे, पण त्याखालीं पर्याय नसत. उताऱ्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा, वाक्यांचें पृथक्करण करावें, शब्दांचें व्याकरण चालवावें, इकडची भाषा तिकडे न्यावी, असा एकंदर प्रकार होता. इंग्रजी शिकण्याची वाटहि तीच. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या नांवाचीं वाचनपुस्तकें आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाढल्या. १९०० सालीं सातारच्या सरकारी शाळेंत ज्यांचें नांव दाखल झालें त्या आंबेडकरांकडूनहि त्यांच्या वडिलांनीं हीं पुस्तकें घरीं करवून घेतलीं होतीं. भाषांतराची ही रीत आज हास्यास्पद मानली जाते. तिच्यांतून बोलणें येत नसे हें कबूल. पण भाषांतर करणाऱ्यास एकहि शब्द गाळतां येत नसे, आणि पदरचा शब्द घातला तर गुरुजींची रेघ तेथेंच उमटे, हेंहि तितकेंच खरें.

याच साताऱ्याच्या मुलुखांतले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण' हें पुस्तक लिहिलें. सुधारकाग्रणी म्हणून आगरकरांचे निबंध सर्वांस ठाऊक आहेत. या शुष्क भासणाऱ्या पुस्तकाची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं. समाजास विचार करावयास शिकविण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्यास वाक्यांतील कोणतें पद कोणाशीं बांधलेलें आहे हें सांगण्याची गरज वाटली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

पुढें विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि नेमलेल्या पुस्तकांवरील टिपा व मार्गदर्शिका बाजारांत आल्या. उतारा ओळखीचा, प्रश्न ओळखीचा व उत्तर पाठ. मग वाचावयाचें राहतेंच काय? १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं नेमलेल्या विश्वविद्यालय आयोगानें, येथें शिक्षणासाठीं परीक्षा नसून परीक्षेसाठीं शिक्षण आहे, अशी उघड तक्रार केली. तींत आज बदल करावा असें फारसें कांहीं नाहीं. न वाचतां उत्तीर्ण होण्याची सोय आम्हीं शंभरांहून अधिक वर्षें मोठ्या निष्ठेनें सांभाळली आहे, आणि त्या पापांत आम्हां अध्यापकांचाहि वांटा आहे.

इतरत्र काय चाललें होतें? केंब्रिजनें १९१३ सालीं परकीयांसाठीं इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. लेखी व तोंडी मिळून ती एकंदर बारा तासांची. तींत भाषांतर, निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र हें सर्व होतें. पहिल्या वर्षीं तीन उमेदवार बसले व तिघेहि नापास झाले! अमेरिकेंत याच सुमारास वेगळीच शंका निघाली होती. एकच इंग्रजीची उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांना तपासावयास दिली तर गुणांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें, असें १९१२ मध्यें दोघां संशोधकांनीं दाखवून दिलें. त्यावर उपाय म्हणून कॅन्सस संस्थानांतील फ्रेडरिक केली यांनीं १९१५ सालीं मूक वाचनाची एक परीक्षा रचली. उत्तर एकच, त्यांत परीक्षकाच्या मर्जीस जागा नाहीं. तींत एक प्रश्न असा होता कीं, गाय, वाघ, उंदीर व लांडगा यांपैकीं शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नांवाभोंवतीं रेघ ओढा. आमच्या वडुजांतील शेतकऱ्याचें पोर इंग्रजीचीं चार नांवें कळतांच हें उत्तर देईल. त्यासाठीं उतारा लागत नाहीं. म्हणजे पर्यायांच्या या पद्धतींत जगाचें ज्ञान व वाचन यांची सरमिसळ जन्मापासूनच होती. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या लष्करानें लाखों सैनिकांची परीक्षा असल्याच प्रश्नांनीं घेतली, आणि १९३८ पर्यंत पेन्सिलीच्या खुणा मोजणारें यंत्रहि बाजारांत आलें. १९६४ सालीं 'टोफेल' व १९८९ सालीं 'आयेल्ट्स' या परीक्षा सुरू झाल्या तेव्हां तो मार्ग चांगला मळलेला होता. तथापि मधल्या काळांत परीक्षकांनीं एक गोष्ट शिकून घेतली होती. प्रश्न असा घालावा कीं, जगाच्या ज्ञानावर विसंबणारा फसावा व उताऱ्यास धरून राहणारा तरावा. 'माहिती नाहीं' हा तिसरा पर्याय त्याच शहाणपणाचें फळ होय.

ज्या १९१५ सालीं केलींची परीक्षा निघाली त्याच सालीं पुण्यास लोकमान्यांचें 'गीतारहस्य' प्रसिद्ध झालें. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें यासाठीं मीमांसकांनीं सांगितलेल्या खुणांची चर्चा त्याच्या पहिल्याच प्रकरणांत आहे: आरंभ व शेवट, पुनःपुन्हां आलेली गोष्ट, नवीन सांगितलेली गोष्ट, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. आम्हीं ही यादी त्या मुलीपुढें ठेवली तेव्हां ती चकितच झाली, कारण शिकवणीच्या वर्गांत तिला पैसे देऊन जें मिळालें होतें त्यांतलें बरेंच यांत होतें. उताऱ्याचा मुख्य आशय विचारला असतां पहिला व शेवटचा परिच्छेद नीट पाहावा. कोणता विचार शब्द बदलून पुनःपुन्हां येतो तें पाहावें. युक्तिवाद कशाच्या बाजूनें चालला आहे तें शोधावें. यांत अर्थवादाची खूण आम्हांस विशेष मोलाची वाटते. अर्थवाद म्हणजे स्तुतीसाठीं, दृष्टांतासाठीं, ओघानें आलेला मजकूर. चुकीचे पर्याय बहुधा त्यांतूनच उचललेले असतात. तें उताऱ्यांत असतें, खरेंहि असतें, पण तें तात्पर्य नसतें. शब्द ओळखीचा दिसला म्हणून हुरळून जाणारा तेथेंच अडकतो.

बारीकसारीक तपशिलाच्या प्रश्नांस मात्र ही मोठी मीमांसा लागत नाहीं. साठ मिनिटांत तीन उतारे व चाळीस प्रश्न असतांना प्रश्न आधीं वाचून घ्यावा, त्यांतील नांव किंवा आंकडा उताऱ्यांत हुडकावा, आणि मागचींपुढचीं दोन वाक्यें धरून अन्वय लावावा, हें उत्तम. 'सर्व', 'कधींच', 'केवळ' अशा शब्दांचा पर्याय खोटाच असतो, किंवा सर्वांत लांब पर्याय खरा असतो, असले तोडगे विकले जातात. त्यांवर आमचा विश्वास नाहीं. असल्या शब्दापाशीं थांबून उताऱ्याचा विस्तार तेवढाच आहे का, हें पाहावें म्हणजे झालें. आयेल्ट्समध्यें चुकीबद्दल गुण कापीत नाहींत, म्हणून एकहि जागा रिकामी ठेवूं नये. आमच्याकडच्या स्पर्धापरीक्षांत गुण कापतात, तेथें न्याय निराळा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेंत २०११ पासून इंग्रजी उताऱ्यांवर प्रश्न आले आणि त्यांवरून देशी भाषांच्या विद्यार्थ्यांनीं एवढें आंदोलन केलें कीं, २०१४ सालीं ते गुण धरावयाचे नाहींत असें सरकारास ठरवावें लागलें. त्या मुलांची तक्रार इंग्रजीच्या सक्तीविषयीं होती, आणि ती रास्तहि होती. पण अन्वयाची संवय सुटलेल्यास मराठी उताराहि तितकाच नडतो, हें आम्हीं वर्गांत पाहिलें आहे.

आतां त्या विहिरींकडे वळूं. उताऱ्यांत दोन गोष्टी होत्या. त्यांस जोडणारें 'मुळें' हें पद कोठेंच नव्हतें. तें आम्हीं दोघांनीं पदरचें घातलें होतें. कविता शिकवितांना यासच आम्ही अध्याहार म्हणतों व जो विद्यार्थी तो चांगला करतो त्याची पाठ थोपटतों. आम्हीं तिला सांगितलें कीं, प्रत्येक विधानांत क्रियापदाखालीं व 'मुळें', 'म्हणून', 'पेक्षां' अशा जोडणाऱ्या शब्दांखालीं रेघ ओढ, आणि तो जोड उताऱ्याच्या कोणत्या ओळींत आहे तिचा आंकडा समासांत लिही. ओळ सांपडली नाहीं तर तिसरा पर्याय. त्या दुपारीं असे चार उतारे झाले. पहिल्यांत तिच्या पांच चुका होत्या, चौथ्यांत दोन. आणि त्या दोहोंपैकीं एकीवर तिनें आमच्याशीं वाद घातला, तेव्हां चूक आमचीच निघाली.

कागद पिशवींत घालतां घालतां तिनें विचारलें, "पण सर, विहिरी वाढल्या म्हणूनच पाणी खालीं गेलें ना?"

"आपल्याकडे तसेंच झालें," आम्हीं म्हटलें, "पण त्या उताऱ्यांत तें लिहिलेलें नाहीं."