एक तुकडा पुरे



खारघरला जुलैत पाऊस लागला की वाळत घातलेली चादर चार दिवस ओलीच राहते. अशाच एका जुलैत आमच्या गटातल्या बायकांनी हौसेने आणलेली कुंड्यांतली झाडं एकामागून एक गेली. पानं पिवळी पडली, बोट लावलं की पाणी सुटायचं, बुडखा काळा झाला. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. आम्ही आणखी घातलं.

ही पानात आणि खोडात पाणी साठवणारी झाडं. रोपवाटिकेत त्यांना सक्युलंट म्हणतात. नाव नवं, पण घराणं आपल्या ओळखीचं: कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर. आमच्यातल्या कितीतरी जणी माणदेश, नगर, सोलापूरकडून इथे आलेल्या. जिथे पाण्यासाठी मैलभर चालावं लागायचं तिथे ही झाडं आपसूक जगत होती, आणि इथे नळाखाली आम्ही ती कुजवली. मग आम्ही ठरवलं, ही झाडं आपल्याकडे आली कुठून आणि जगली कशी, ते आधी समजून घेऊ.

पहिली कोरफड. ती मूळची अरबस्तानातली, पण इतकी जुनी झाली की आपल्याला माहेरचीच वाटते. नजर लागू नये म्हणून आपण ती दारावर उलटी टांगतो. नजरेचं राहू द्या, पण तिच्याकडे नीट बघा. माती नाही, पाणी नाही, मुळं उघडी, तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते. हा धडा आपल्या डोक्यावरच टांगलेला होता, आम्ही तो वाचला नाही.

दुसरा फड्या निवडुंग. तो अमेरिका खंडातला, समुद्रमार्गे आपल्याकडे आला. त्याच्यावर कोचिनील नावाचा बारीक किडा वाढतो. किडा चिरडला की लाल रंग निघतो, आणि त्या काळी या रंगाला सोन्यासारखा भाव होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हिंदुस्थानात करायचा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले गेले. पण ती जात हलकी निघाली, रंगाचा धंदा काही जमला नाही. निवडुंग मात्र राहिला. शेताच्या कुंपणाला लावलेला एक फडा मोडून पडला की तिथे नवं झाड उठायचं. असं करत करत त्याने गायरानं आणि पडीक रानं व्यापली. शेवटी १९२६ च्या सुमारास श्रीलंकेहून कोचिनीलचीच दुसरी जात दक्षिण भारतात आणून सोडली, तेव्हा तिथली निवडुंगाची रानं मोडली. त्याच निवडुंगाची लाल बोंडं खाऊन आपल्या आज्यांनी लहानपणी ओठ रंगवले आणि दुष्काळात काटे भाजून त्याचे फडे गुरांपुढे टाकले. एकाच झाडाचा त्रासही झाला आणि आधारही झाला.

तिसरी गोष्ट आपल्या सह्याद्रीची. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते. बोटाएवढं जाड खोड, पावसात पानं, आणि लालसर चांदणीसारखं फूल. उन्हाळ्यात पानं गाळून ती नुसत्या खोडावर तग धरते. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही ती आपणहून उगवत नाही. १८६० नंतरच्या दशकात डालझेल या वनाधिकाऱ्याने तिची शास्त्रात नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिलं. कड्यावर गुरं चारणाऱ्यांना ती त्याआधीच ठाऊक असणार, पण नाव लागलं गव्हर्नरांचं. आज ती फार दुर्मीळ आहे. हौशी माणसांनी एकेक झाड उपटून नेलं, तर कडा रिकामा व्हायला वेळ लागणार नाही. आणि उपटायची गरजच नसते. तिच्या खोडाच्या तुकड्यापासून रोप होतं. अभ्यासकांनी अशीच रोपं तयार केली आहेत.

मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टींतून आम्ही एवढंच शिकलो: या झाडांना एक तुकडा पुरतो, आणि थोडं पाणी पुरतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. तुकडा कापला की लगेच मातीत खोचत नाही. सावलीत चार-पाच दिवस ठेवून कापलेली जागा सुकू देतो, नाहीतर तिथूनच कूज लागते. कुंडी मातीची घेतो, तळाला भोक हवंच. मातीत निम्मी जाडी वाळू, थोडं गांडूळखत आणि विटांचे बारीक तुकडे घालतो. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघतो. ओल लागली तर तांब्या परत आत. थंडीत आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुरतं. मे महिन्यात दुपारच्या उन्हापासून आडोसा देतो. आणि जूनपासून कुंड्या छपराखाली, वारा लागेल अशा जागी. कोकणपट्टीचा पाऊस या झाडांसाठी नाही.

पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कोचिनीलचाच हा नातलग. साबणाच्या पाण्यात कापडाची चिंधी भिजवून पुसून काढायचा, आणि ती कुंडी काही दिवस वेगळी ठेवायची. शेराला मात्र जपून हात लावा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. लहान मूल असलेल्या घरात तो नकोच.

पांडवकड्याच्या डोंगरावरून असो की तुमच्या गावच्या गडावरून, कुणी मुळासकट झाड उपटून विकायला आणलं तर घेऊ नका. शेजारणीकडे मागा. या संक्रांतीला आम्ही हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले नाहीत. जुन्या पणत्यांना भोकं पाडली आणि पानफुटीचं एकेक पान मातीवर ठेवून दिलं. पानाच्या कडेला रोपं फुटली तेव्हा बायका एकमेकींना बोलावून दाखवत होत्या. तुमच्या बांधावर, तुमच्या आजीच्या परसात अशी कोणती झाडं होती आणि ती कुणाकडून आली होती, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. आणि जिच्याकडे असेल तिच्याकडून एक तुकडा मागून आणा.