लिलावातली आगगाडी आणि ‘दुर्मीळ’ नावाची बखर

१/ समजा, एका ऑनलाइन लिलावात पत्र्याचे छोटे इंजिन विक्रीस आले आहे. मथळा असा: ‘अतिदुर्मीळ! १९१० सालची अस्सल इंग्रजी चावीची आगगाडी’. छायाचित्रात इंजिनाच्या बाजूवर सोनेरी अक्षरे स्पष्ट दिसतात: ‘एल.एम.एस.’ मंडळी, हे इंजिन १९१० सालचे असूच शकत नाही. हे सांगण्यासाठी ते हातात घ्यावे लागत नाही, की खेळण्यांचे जाणकार असावे लागत नाही. इतिहास ठाऊक असला की पुरे. आजचा थ्रेड याच विषयावर.

२/ ब्रिटनमधील शंभराहून अधिक लहानमोठ्या रेल्वे कंपन्या १ जानेवारी १९२३ रोजी चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. ‘लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश’ म्हणजेच एल.एम.एस. ही त्यांतील एक. त्या दिवसापूर्वी ही कंपनीच नव्हती, मग तिची अक्षरे खेळण्यावर येणार कुठून? पुढे १ जानेवारी १९४८ रोजी या चारही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ अस्तित्वात आली. म्हणून ब्रिटिश रेल्वेजचे बोधचिन्ह मिरवणारे इंजिन ‘युद्धपूर्व’ ठरू शकत नाही.

३/ इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. अक्षरांवरून ‘याच्या आधीचे नाही’ हे ठामपणे सांगता येते. ‘याच्या नंतरचे नाही’ हे मात्र तितक्या ठामपणे नाही. खेळणी बनवणारे कारखाने जुनी रंगसंगती नंतरही काही काळ वापरत असत. कालनिश्चितीची खालची मर्यादा पक्की, वरची सैल. नाण्यांवरून वा भांड्यांवरून उत्खननातील थरांचा काळ ठरवताना पुरातत्त्वज्ञ हाच विवेक पाळतात.

४/ कालविसंगतीवरून लबाडी पकडण्याची ही रीत फार जुनी आहे. १४४० साली लोरेन्झो व्हाला या इटालियन विद्वानाने ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट असल्याचे सिद्ध केले, ते त्यातील शब्द त्या सम्राटाच्या काळाशी जुळत नाहीत हे दाखवून. आपल्याकडेही जुन्या कागदातील तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीशी घालून पाहतात. मेळ बसला नाही, तर कागदाकडे संशयाने पाहिले जाते. लिलावातील इंजिनालाही हीच कसोटी लावता येते.

५/ माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो: लिलावातील वर्णन ही बखर आहे आणि प्रत्यक्ष वस्तू हा अस्सल कागद. बखर टाकाऊ नसते; पण ती घटनेनंतर, कुणाच्या तरी हेतूने आणि कुणाला तरी ऐकवण्यासाठी लिहिलेली असते. विक्रेत्याचा हेतू तर उघडच आहे. म्हणून आधी वस्तू वाचावी आणि मग वर्णन.

६/ ‘खेळण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे कुणी विचारेल. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या छोट्या गाड्यांमागचे कौशल्य सांगावे लागणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांचे महत्त्व कौशल्यापुरते नाही. उद्योग, युद्ध, स्थलांतर, बाजारपेठ आणि बालपणाच्या कल्पना या साऱ्यांच्या खुणा त्या अंगावर बाळगतात. वर्णन खोटे असले की पुसल्या जातात त्या याच खुणा.

७/ पहिले उदाहरण जर्मनीतील न्यूरेंबर्गचे. तेथील ‘बिंग बंधू’ हा कारखाना पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील सर्वांत मोठ्या खेळणी-उत्पादकांत गणला जाई. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या विक्रेत्यासाठी तो ब्रिटिश रंगातील, ब्रिटिश घडणीची इंजिने तयार करीत असे. दिसायला इंग्रज, जन्माने जर्मन! आज अशा इंजिनांचे ‘अस्सल इंग्रजी कारागिरी’ असे वर्णन करणारा विक्रेता खोटे बोलत असेलच असे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या विक्रीतंत्राने त्यालाही चकवलेले असते.

८/ हा घोळ त्या काळीही ओळखला गेला होता. ब्रिटनच्या १८८७ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याचा एक हेतू हाच होता, की परदेशी माल इंग्रजी नावाच्या आडून विकला जाऊ नये. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्यातूनच सर्वतोमुखी झाले. म्हणजे फसव्या वर्णनाविरुद्धची लढाई इंटरनेटपेक्षा शतकभराने जुनी आहे.

९/ बिंगची मुद्राही बोलकी आहे. महायुद्धापूर्वीच्या मालावर ‘जी.बी.एन.’ म्हणजे ‘बिंग बंधू, न्यूरेंबर्ग’. युद्धानंतरच्या मालावर ‘बी.डब्ल्यू.’ म्हणजे ‘बिंग वेर्के’. १९३० च्या दशकाच्या आरंभी कारखाना बुडाला. बिंग घराणे ज्यू होते. श्टेफान बिंग त्याआधीच बाहेर पडून ‘ट्रिक्स’ या दुसऱ्या खेळणी-उद्योगात शिरला होता. पण नाझी राजवटीत तोही सोडून त्याला इंग्लंड गाठावे लागले. इंजिनाच्या पत्र्यावरील दोन-तीन अक्षरांमागे एवढी कहाणी आहे. वर्णनात ‘जुनी इंग्रजी गाडी’ लिहिले, की ती सगळी गडप!

१०/ दुसरे उदाहरण हॉर्नबीचे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली आपल्या बांधणीच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून गाजले. आगगाड्या त्याने १९२० मध्ये बाजारात आणल्या. तेव्हा ‘१९१० सालची हॉर्नबी आगगाडी’ ही शब्दरचनाच अशक्य आहे. लहान मापाची ‘हॉर्नबी डब्लो’ मालिका आली १९३८ मध्ये.

११/ नंतरची हकीकत अधिक गुंतागुंतीची. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ‘लाइन्स ब्रदर्स’ या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेली. १९६५ पासून खोक्यांवर ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ असे जोडनाव आले. लाइन्स ब्रदर्स १९७१ मध्ये कोसळली आणि १९७२ पासून नाव झाले ‘हॉर्नबी रेल्वेज’. माल तयार होई केंट परगण्यातील मार्गेट येथे. १९९० च्या दशकात उत्पादन चीनकडे वळले. नाव एकच, पण मालक, गाव आणि देश बदलत गेले. ‘व्हिंटेज हॉर्नबी’ या दोन शब्दांत यांतले काय समजायचे? सिंहासनावरील उपाधी कायम राहावी आणि घराणे मात्र बदलावे, तसला हा प्रकार.

१२/ अतिशयोक्तीचे खापर आजच्या विक्रेत्यांवरच फोडणेही अन्यायाचे. १८९१ साली जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे मांडली. त्यामुळे खेळण्यांच्या रुळांना क्रमांक मिळाले. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९०६ मध्ये दोन पूर्णांक एक अष्टमांश इंचाचे, या कुठल्याच मापात न बसणारे रूळ काढले आणि त्यांना नाव दिले ‘स्टँडर्ड गेज’! जे प्रमाण नव्हते त्यालाच ‘प्रमाण’ म्हटले आणि ते नाव रूढही झाले. वर ‘जगाचे प्रमाण’ अशा अर्थाचे घोषवाक्य खोक्यावर झळकले ते वेगळेच.

१३/ याच लायोनेलची १९५७ सालची एक गाडी आपल्या विषयाच्या गाभ्याशी नेते. मुलींनीही आगगाड्या घ्याव्यात म्हणून कंपनीने गुलाबी इंजिन आणि फिक्या, गोड रंगांचे डबे असलेला संच काढला. तो सपशेल पडला. ज्यांना आगगाडी हवी होती त्या मुलींना ती खऱ्या गाडीसारखीच हवी होती, असे त्याचे स्पष्टीकरण आजही दिले जाते. कमी विकला गेला म्हणून तो थोडा उरला, आणि थोडा उरला म्हणून पुढे संग्राहकांत मोलाचा ठरला.

१४/ गोम अशी, की ते गुलाबी इंजिन आणि त्याच कंपनीचे साधे काळे इंजिन एकाच साच्यातले. साधे इंजिन मुबलक, गुलाबी मोजके. मग काळ्यावर गुलाबी रंग चढवून ‘१९५७ चे मूळ इंजिन’ म्हणून विकण्याचे प्रकार सुरू झाले. शिवाय लायोनेलच्या नावाने त्या संचाची नवी आवृत्तीही पुढे निघाली. म्हणजे मूळ, अधिकृत पुनर्निर्मिती आणि बनावट असे तिघे एकाच रंगात बाजारात उभे!

१५/ गुलाबी रंगात फसलेल्या ग्राहकाचे पैसे जातात, हे नुकसान उघड आहे. मला त्याहून मोठे वाटते ते दुसरे. त्या बनावटीसाठी एक अस्सल काळे इंजिन नष्ट झालेले असते. त्याचा मूळ रंग, झीज, कुणा मुलाच्या हातून पडलेले ओरखडे हे सारे खरवडून गेलेले असते. खोटा कागद कोऱ्या कागदावर लिहिला तर एक लबाडी; पण जुना कागद धुऊन त्यावर लिहिला, तर लबाडीबरोबर साधनाचाही नाश. आणि सामान्य माणसांच्या घरातील साधी वस्तू हे साधन इतिहासाला राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतकेच हवे असते.

१६/ आता बाजाराकडे वळू. पिएर ओमिड्यार याने सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. तेच पुढचे ईबे. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. तो मोडका आहे हे ठाऊकच आहे ना, अशी ओमिड्यारने खरेदीदाराकडे खात्रीही करून घेतली. या बाजाराचा श्रीगणेशा प्रामाणिक वर्णनाने झाला होता!

१७/ गंमत पुढेच आहे. ‘ओमिड्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्यांची देवघेव करता यावी म्हणून हे संकेतस्थळ जन्मले’ ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. वृत्तपत्रांचे लक्ष वेधण्यासाठी कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने ती रचली होती, हे नंतर उघड झाले. जुन्या वस्तूंच्या सर्वांत प्रसिद्ध बाजाराने आपलीच जन्मकथा सजवून विकली. मग विक्रेत्यांनी आजोबांच्या माळ्यावरच्या कथा सजवल्या, तर नवल कसले?

१८/ त्यात मंचाची घडणही भर घालते. ईबेवर मथळ्याला ८० अक्षरांची मर्यादा, आणि खरेदीदाराचा शोध प्रामुख्याने शब्दांवरून चालणारा. म्हणून ‘दुर्मीळ’, ‘व्हिंटेज’, ‘हॉर्नबी’ हे शब्द मथळ्यात कोंबले जातात. असंबद्ध ब्रँडनावे घुसडण्यास नियमाने बंदी आहे. ‘दुर्मीळ’ म्हणण्यास बंदी घालणार कशी? लाखोंच्या संख्येने निघालेले खेळणेही मग ‘दुर्मीळ’ होते.

१९/ अज्ञान, अतिशयोक्ती आणि बनावट यांत मात्र फरक केला पाहिजे. वडिलांच्या पश्चात सापडलेला खोका विकणारी मुलगी इतरांच्या नोंदी पाहून तारीख लिहिते, ते अज्ञान. साध्या गाडीला ‘अतिदुर्मीळ’ म्हणणे ही अतिशयोक्ती. रंग बदलून वर्ष बदलणे ही बनावट. पण तिन्ही एकमेकांना पोसतात: एकाची बनावट दुसऱ्याच्या अज्ञानातून पुढे उतरवली जाते, आणि दहा ठिकाणी आली की तीच ‘माहिती’ बनते. दहा बखरींनी एकाच बखरीची नक्कल केली, तर पुरावे दहा होत नाहीत, एकच राहतो.

२०/ याचा शेवट कुठे होतो? १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की खरेदीदाराला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यालाच कमी भाव देतो. मग चांगला माल बाळगणारे बाजारातून निघून जातात. २००१ च्या नोबेलमागे हेच काम होते. संशयाच्या बाजारात पहिला बळी प्रामाणिक विक्रेत्याचा जातो.

२१/ तेव्हा अशी नोंद वाचताना पाच प्रश्न विचारावेत. वस्तूवर कोणती मुद्रा आहे, आणि ती केव्हापासून वापरात होती? त्यावर लिहिलेली रेल्वे कंपनी त्या साली होती का? खोका आणि वस्तू एकाच काळाची आहेत का? (पुनर्निर्मित खोके उघडपणे विकत मिळतात; ते अस्सल म्हणून पुढे विकले गेले की फसवणूक सुरू होते.) जिथे झीज व्हायला हवी, तिथे रंग ताजा का आहे? आणि मागितलेली किंमत सोडा, अशी वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली? मागणी हा विक्रेत्याचा दावा. झालेला सौदा हा पुरावा.

२२/ पहिल्या इंजिनाचे वर्ष चुकीचे निघाले म्हणून ते कवडीमोल ठरत नाही. ते १९१० चे नाही. १९२३ नंतरचे आहे. चार कंपन्यांच्या त्या ब्रिटनमध्ये कुणा लेकराने त्याला चावी दिली असेल. ‘दुर्मीळ’ हे विशेषण काढून घेतले, तरी एवढा इतिहास त्याच्यापाशी उरतोच. तो वाचायला आपण तयार असलो म्हणजे झाले.

लेखनसीमा.