शेर कुठला, वाटी कोणाची

जुन्या पाकपुस्तकावरून रांधायला घेतले की पहिला अडसर शेराचा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि मणाचे शेर ४०, म्हणजे शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. सरकारी ८० तोळ्यांचा शेर मात्र ९३३ ग्रॅमचा. शिवाय धान्य मापायचा शेर निराळाच, चार शेरांची पायली होणारा. सगळे जिन्नस शेरातच सांगितले असतील तर काही बिघडत नाही. पीठ शेरात आणि मीठ तोळ्यात आले की घोटाळा. मग मी मिठालाच साक्षीला बोलावते. समजा, शेरभर पिठाला तोळाभर, म्हणजे पावणेबारा ग्रॅम मीठ लिहिले आहे. ९३३ ग्रॅम पिठाला ते बेताचे होते. ३१७ ग्रॅमला घातले तर पहिला घास तोंडातून परत येईल. शेर कुठला, ते कळले.

मराठीत पाकपुस्तक छापून आले १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’. त्याआधी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी हस्तलिखितात उतरल्या होत्या, पण तो दरबारी मामला. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ निघाले. मला हे नावच फार आवडते. घरात सासू-जाऊ शिकवायला असताना छापील मैत्रिणीची गरज कोणाला तरी वाटू लागली होती.

१९५६च्या कायद्याने बाजारात किलो-ग्रॅम आणले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-तोळे मागे पडले. पण ओट्यावर तराजू कोण ठेवतो? कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०मध्ये आली ती वाटी-चमचा घेऊन. चौथीपर्यंत शिकलेल्या या सांगलीच्या बाईंनी घरात असलेलेच माप छापले. नोकरीपायी परगावी बिऱ्हाड थाटलेल्या, शेजारी विचारायला कोणी नसलेल्या मुलींना दुसरे काय हवे होते? माझ्या मते पुस्तक घरोघर गेले ते पदार्थांइतकेच या वाटीमुळे.

मासिके आणि दिनदर्शिकांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती पुरी हाती लागत नाही. १९३०पासूनची ‘स्त्री’, पुढे १९७३पासून ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेची मागची पाने: बायकांनी कृती कापल्या, वहीत चिकटवल्या आणि उरलेला अंक रद्दीत घातला. वही मिळाली तर पाककृतीखाली महिना नसतो.

वाटीनेही सगळे प्रश्न सुटले नाहीतच. लग्नात आलेल्या स्टीलच्या वाट्या एका मापाच्या कुठे असतात! जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या एका ‘रुचिरा’त कोणा अनोळखी बाईने अनारशांच्या शेजारी पेन्सिलीने आपली वाटी लहान असल्याचे लिहून गूळ वाढवला आहे, आणि खाली दुसऱ्या अक्षरात तो पुन्हा कमी केला आहे. मी दुसऱ्या अक्षराचे ऐकते. त्याच्या आसपास तुपाचे डाग जास्त आहेत. विक्रेते अशा प्रतीला ‘खराब’ म्हणून निम्मा भाव लावतात. मी घासाघीस करत नाही.