काचपात्रातील प्रकाश कोणासाठी? : ॲक्सोलॉटलच्या वनस्पतीयुक्त मत्स्यालयातील प्रकाशयोजनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोच्या खोऱ्यातील उभयचर प्राणी होय. बाह्य कल्ले आयुष्यभर बाळगून पाण्यातच राहणारा आणि बालरूपातच प्रजननक्षम होणारा हा जीव दीडशेहून अधिक वर्षे प्रयोगशाळांत वाढविला जात असून अलीकडे तो हौशी पाळकांच्या घरीही पोहोचला आहे. त्याच्यासाठी जलवनस्पतींसह मत्स्यालय उभारू पाहणाऱ्यापुढे पहिला पेच उभा राहतो तो दिव्याचा. वनस्पतींना प्रकाश हवा असतो, पापण्या नसलेल्या या निशाचर प्राण्यास तो नकोसा असतो आणि पाहणाऱ्याला मात्र सारे स्वच्छ दिसावे असे वाटते. वरवर पाहता हा दुकानातील खरेदीचा प्रश्न आहे. तथापि कोणत्या काळी यांपैकी कोणाची गरज प्रमाण मानली गेली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. मूळ अधिवास

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील सोचिमिल्को व चाल्को ही सरोवरे ॲक्सोलॉटलचे मूळ घर होत. यांपैकी चाल्कोचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी शेतीसाठी उपसण्यात आले. सोचिमिल्कोत चिनांपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतीच्या बेटांमधून कालवे वाहतात. बेटांच्या कडा धरून ठेवण्यासाठी लावलेल्या विलो जातीच्या वृक्षांची सावली या कालव्यांवर पडते. पाणी थंड, गढूळसर व वनस्पतींनी भरलेले असते. थोडक्यात, जेथे हा प्राणी घडला तेथे प्रकाश विपुल असला, तरी तो गाळून, अडून आणि मंद होऊनच तळापर्यंत पोहोचत असे. पुढील संपूर्ण विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. पॅरिसमधील आगमन

मेक्सिकोत फ्रेंच हस्तक्षेप सुरू असतानाच्या काळात ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पाठविण्यात आले. त्यांपैकी पाच नर व एक मादी १८६४ च्या जानेवारीत तेथील निसर्गेतिहास संग्रहालयातील ओग्युस्त द्युमेरिल यांच्या स्वाधीन झाली. १८६५ मध्ये त्यांना पिले झाली आणि त्यांतील काहींचे कल्ले झडून ती भूचर सॅलमँडरसारखी दिसू लागली. या घटनेने प्राणिशास्त्रात मोठे कुतूहल निर्माण केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या ॲक्सोलॉटलांच्या वंशाचा फार मोठा भाग याच पॅरिसच्या पिढीपर्यंत मागे नेता येतो. म्हणजेच हा प्राणी विज्ञानाच्या दालनात आला तो मुख्यतः पाहण्याची वस्तू म्हणून.

३. खिडकीतील ऊन

योगायोग असा की, त्याच सुमारास युरोपात मत्स्यालयाची लाट आली होती. तिचा पाया मात्र वनस्पतींनी घातला होता. यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले होते की, वनस्पतींचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच हवा शुद्ध करतात, अंधारात नव्हे. आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत हायड्रिलाच्या फांदीतून निघणारे बुडबुडे दाखविताना आपण त्याच परंपरेतील प्रयोग करीत असतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. एका पात्रात दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती त्यांनी ठेवली होती. सडणाऱ्या पानांमुळे पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या आणि समतोल साधला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने ही हौस घरोघरी नेली.

या काळातील एकमेव दिवा म्हणजे सूर्य. घरातील मत्स्यालय खिडकीशी ठेवले जाई. परंतु काचेच्या बाजूंनी येणारे ऊन शेवाळ वाढवी आणि पाणी तापवी. तळ्यात प्रकाश वरून येतो, काचपात्रात तो चहूबाजूंनी येतो, हा भेद लवकरच ध्यानात आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सार्वजनिक मत्स्यालयांत म्हणून प्रेक्षकांचे दालन काळोखे ठेवून प्रकाश केवळ पाण्याच्या वरून घेण्याची पद्धत रुजली. ही रचना निसर्गाला जवळची होती खरी. परंतु तिचा एक हेतू प्रेक्षकाला चित्रासारखे दृश्य दिसावे हाही होता.

४. विजेचे युग

विजेच्या दिव्याने मत्स्यालयाला खिडकीपासून मुक्त केले. मात्र तारेच्या बल्बमध्ये विजेचा फारच थोडा अंश प्रकाशात व उरलेला उष्णतेत खर्ची पडतो. उष्ण कटिबंधातील माशांना ही ऊब चालते. १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवणाऱ्या आणि २४ अंशांपुढे त्रास होणाऱ्या ॲक्सोलॉटलला ती घातक ठरू शकते. १९३८ मध्ये बाजारात आलेल्या ट्यूबलाइटने उष्णता कमी केली. १९९० च्या दशकारंभी जपानमध्ये तेजस्वी निळ्या एलईडीचा शोध लागला आणि त्यातून पांढरा एलईडी शक्य झाला. या कार्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीची उष्णता प्रामुख्याने दिव्याच्या पाठीकडे राहते आणि तेज हवे तसे कमी करता येते. ॲक्सोलॉटलच्या दृष्टीने हा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे.

५. मोजमापाचा प्रश्न

दिव्याच्या खोक्यावर प्रकाश ल्युमेनमध्ये लिहिलेला असतो. या एककाचा पाया १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झालेल्या मानवी दृष्टीच्या संवेदनशीलतेवर आहे आणि ती हिरव्या-पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक असते. वनस्पतींची गोष्ट निराळी आहे. एंगेलमान यांनी १८८२ मध्ये शैवालाच्या तंतूवर वर्णपट पाडला, तेव्हा प्राणवायूकडे आकृष्ट होणारे जीवाणू तांबड्या व निळ्या भागांत अधिक गोळा झाले. मॅक्री यांनी १९७२ मध्ये पिकांच्या पानांवर केलेल्या मापनांनंतर ४०० ते ७०० नॅनोमीटर हा पट्टा वनस्पतींसाठी उपयुक्त प्रकाशाचे मापन म्हणून दृढ झाला. म्हणजे ल्युमेन हे माणसाचे माप आणि हा पट्टा वनस्पतीचे माप ठरले. प्राण्याला हा प्रकाश सोसतो की नाही, हे सांगणारा आकडा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. तो आडोशाला किती वेळ दडून राहतो, हेच त्याचे माप मानावे लागते.

६. निवडीचे सूत्र

या इतिहासातून व्यवहाराला उपयुक्त असा क्रम हाती येतो. प्रथम प्राण्याला सोसेल एवढा प्रकाश ठरवावा आणि मग त्या प्रकाशात जगणाऱ्या वनस्पती निवडाव्यात, याच्या उलट करू नये. अनुबियास, जावा फर्न व जावा मॉस या मंद प्रकाशात तग धरणाऱ्या वनस्पती दगडाला वा लाकडाला बांधून वाढविता येतात. तळ उकरणाऱ्या प्राण्यापुढे हाही लाभच होय. तेज कमी करता येणारा एलईडी वरूनच असावा व पात्र थेट उन्हात नसावे. पाण्यावर तरंगत्या वनस्पतींचे छत असावे. सोचिमिल्कोतील वृक्षांचे काम ते करते. लपण्यास अंधारी जागा असावी आणि दिवा वेळयंत्राला जोडून दिवसाकाठी सुमारे आठ तासच चालवावा. डोळ्यांत रंगद्रव्य नसलेल्या वर्णहीन ॲक्सोलॉटलच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते.

समारोप

सोचिमिल्कोतील गणनांनुसार १९९८ मध्ये प्रति चौरस किलोमीटर सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ पर्यंत ही संख्या सुमारे ३६ वर आली. प्रदूषण, शहराची वाढ आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया हे मासे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. जो प्राणी जगभर काचपात्रांत विपुल आहे, तो स्वतःच्या पाण्यात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. अशा वेळी काचपात्रातील दिवा किती तेजस्वी ठेवावा, ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही. पाहण्याची आपली ओढ कोठे थांबवावी, याचाच तो निर्णय असतो. या प्राण्याला नीट पाहायचे असेल, तर दिवा मंद करून थोडी वाट पाहावी लागते. गेल्या दीड शतकाचा इतिहास पाहता एवढे सौजन्य आपल्याकडून होण्यास हरकत नसावी.